रेशनची हिरवी साडी

आमच्या मोरदऱ्यात सरकार काय देतं आन् मानूस काय खातो, ह्याचा एकमेकाशी काय बी संबंध न्हाई. हे मी बनुबाई सांगते. माझ्याकडं पिवळं कार्ड हाय, म्हंजी मला बोलायचा हक्क हाय.

आता बघा. आमचं गाव पठारावरचं, संगमनेरपासून घाट चढून वर यायचं. इथला मानूस बाजरीच्या भाकरीवर वाढलेला. आन् सरकार देनार तांदूळ. एखाद्या महिन्याला गहू यितो, मधी ज्वारी बी आली हुती, पन तांदूळ काय चुकत न्हाई. भाताशी आमचं वाकडं न्हाई. सनासुदीला, पावन्यारावळ्याला लई चांगला. पन रोज भात खाऊन दिवसभर कांद्याच्या वाफ्यात वाकून दाखवा, मंग माझ्याशी बोला. दुपार कलायच्या आत पोट इचारतं, बाई, सकाळी काय खाल्लं हुतंस का न्हाई?

म्हनून आमच्यात पालट असतो. रेशन वाटलं, की त्याच दिवशी सांजच्याला, डेअरीत दुधाचं माप झालं, की सगळ्या बाया आपापली पिशवी घेऊन डेअरीच्या ओट्यावर यितात. भीमाच्या घरी बाजरीची पोती, पन त्याच्या लेकरांना भात पायजे. माझ्या शेजारनीच्या, हन्नाच्या घरी दोन्ही टायमाला भात. मला बाजरी. दोन मापटी तांदूळ टाकायचे आन् एक मापटं बाजरी उचलायची. कुनाचा गहू जातो, कुनाचे शेंगदाने यितात. चहा उकळतो न उकळतो तवर चुकीच्या घरात पडलेला दाना बरोबर घरात गेलेला असतो. सरकारला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. तुमी बी सांगू नका.

ह्या पालटाची मालकीन म्हंजी रोहिणी. रेशनचं दुकान बायांच्या बचत गटाकडं हाय आन् ती गटाची अध्यक्ष. पोरगी हुशार, कामाला वाघीन, तोंडानं गूळ. तिला गावातल्या एकूनएक घराचं पोट पाठ. कोनाला काय पायजे हे तिला इचारावंच लागत न्हाई. "बनुमावशीला बाजरी. भागूआजीला तांदूळ, आजीला दात न्हाईत," असं बोलत बोलत ती मापटी फिरवती आन् आजपतुर कधी चुकली न्हाई. तिला त्याचा लई अभिमान. आमाला बी बरं हुतं. बोलायचं काम न्हाई, मागायचं काम न्हाई, आपलं आपल्या पिशवीत येऊन पडतं.

मंग आल्या साड्या.

पिवळ्या कार्डाला वर्साला एक साडी, फुकट. होळीच्या आधी टेम्पोतून गठ्ठे उतरले. प्रत्येक साडी पांढऱ्या पाकिटात बंद. आत कोनता रंग हाय ते पाकीट फोडल्याबिगर देवाला बी कळायचं न्हाई. बाया आता रंगावरून एकमेकीच्या झिंज्या उपटनार, ह्या भ्यानं रोहिणीनं दुकानाच्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिवलं: 'अंगठा लावा. वरचं पाकीट घ्या. निवडता येणार नाही. साडी बदलून मिळणार नाही.' लिवलं लई झोकात, आन् मंग रांगेजवळ येऊन हळूच म्हनली, "आयांनो, हे इथल्यापुरतं बरं का. सांजच्याला ओट्यावर आपला पालट हायेच."

मी रांगेत उभी हुते तवा माझ्या मनात काय हुतं सांगू? काय बी नव्हतं. साडीच्या बाबतीत मी मन घालनंच सोडून दिलं हुतं. मालक गेले तवापासून माझा रंग ठरलेला. राखाडी, न्हाईतर मातकट, न्हाईतर त्यो चिकू, जो नवा असताना बी जुना दिसतो. दिवाळीला माझे दीर, सूर्यभान भाऊजी, न चुकता साडी आनतात. मानूस देवासारखा, खोटं कशाला बोलू? बांधावरून भांडनं झाली तवा माझ्या बाजूनं तेच उभे राह्यले. लेकीचं लगीन त्यांनीच जमवलं, केडगावला चांगल्या घरात दिली. पन साडी आनली की राखाडी.

बरं, आपल्या पैशानं घ्यावी म्हनलं, तर तिथं बी तीच रड. एकदा कांद्याच्या मजुरीचे पैसे कनवटीला लावून मी संगमनेरला दुकानात गेले. भिंतभर रंग! इतके रंग, की कुठं बघावं आन् कुठं न्हाई. दुकानदारानं माझ्या कपाळाकडं बघितलं आन् मला एक शब्द न इचारता खालच्या फळीवरचा गठ्ठा काढला. "मावशी, तुमच्यातलं हे बघा." तुमच्यातलं! आमच्यातलं म्हंजी काय रं मुडद्या? आमचं काय येगळं आभाळ हाय का? पन हे मनातल्या मनात. उचलली एक राखाडी आन् आले माघारी.

तर माझा नंबर आला. कांदे काढून काढून अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, मशीन मला वळखंना. पदराला पुसला, तेल लावलं, परत पुसला, तवा कुठं ते मशीन पावलं. रोहिणीनं वरचं पाकीट माझ्या हातात दिलं. मी तिथंच दातानं फोडलं.

हिरवी!

अशीतशी न्हाई. ज्वारी पोटऱ्यात आल्यावर सकाळच्या पारी वावर दिसतं ना, तसली हिरवी. काठ डाळिंबी. अगं बाई बाई बाई! माझं काळीज शेळीच्या पिल्लावानी उड्या मारायला लागलं. मला लहानपनापासून हिरवा आवडतो. मालक हुते तवा बी आवडायचा, आन् मालकांचा त्याच्याशी काय संबंध नव्हता. त्यांना काळा बैल आन् तांबडा बैल येवढेच रंग ठावे हुते. मंग त्यांच्यासंगं माझा हिरवा का जावा, हे मला आजपतुर कोनी नीट सांगितलं न्हाई. वावरातलं कनीस काय नवऱ्याला इचारून हिरवं व्हतं?

मी साडी छातीशी धरली आन् मान वर केली, तर सगळी रांग माझ्याकडं बघत हुती.

"अगं बया, बनुबाईला हिरवी आली!"

"च्च च्च. काय तरी बाई."

माझ्या मागं भागूआजी हुती. ऐंशीच्या वर वय, मालक जाऊन जमाना झाला. तिनं आपलं पाकीट फोडलं तर आत गुलाबी. "मला तर सरकारनं नवरी केली गं!" म्हनून आजी बोळकं पसरून हसली आन् रांग बी हसली. तेवढंच माझ्यावरचं ध्यान गेलं.

रोहिणी काउंटरवरून वाकून माझ्या हातावर हात ठिवून म्हनली, "मावशी, अजिबात जिवाला लावून घेऊ नका. चुकून आलीय. सांजच्याला मी पालटून देते."

आता माझं तोंड कसं हाय ते गावाला ठावं. कुनाची म्हैस माझ्या वावरात शिरली तर माझा आवाज खालच्या वाडीला ऐकू जातो. सरपंचाला तोंडावर बोललेली मी बाई. आन् त्या टायमाला माझ्या तोंडातून काय निघालं? "व्हय बाई, दे पालटून." बास. येवढंच. जिभंला काय लकवा भरला हुता का, देव जानं!

सांजच्याला ओट्यावर जत्रा भरली. पोरंटोरं, म्हाताऱ्या, दूध घालायला आलेले बापे, सगळे जमले. डेअरीवाल्या गोरक्षनं दूध उरलं म्हनून पातेलंभर चहा टाकला. रोहिणी मधी बसली, पुढं साड्यांचा ढीग, आन् तिची जीभ सुरू झाली. "रेश्मा, तू नवी सून, तुला मातकट कशाला? ही आजीची गुलाबी घे. आजी, तुमाला रेश्माची मातकट. हन्नाकाकू, तुमची राखाडी बनुमावशीला. आन् मावशीची हिरवी तुमाला." एका दमात सगळं बसवून टाकलं. रेश्मानं तिथंच गुलाबी अंगावर धरून गिरकी मारली. बापे हसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. "रोहिणी, तू तालुक्याला पायजे हुतीस," भीमा म्हनला, आन् रोहिणी लाजून लाल झाली.

लई खेळीमेळीचा पालट. ओटा सगळा हसत हुता. मी बी हसत हुते, चहा पीत हुते, आन् माझ्या मांडीवर राखाडी साडी. इतका राग मला माझ्या जन्मात आला न्हाई, आन् कुनावर काढावा ते बी कळंना. रोहिणीनं काय वाईट केलं? चांगलंच केलं. घरी जाऊन भाकरी थापायला बसले आन् ती अशी बडवली, की परातीतच फाटली. शेळीला शिव्या दिल्या. शेळी बिचारी टकामका बघत राह्यली. मंग थोडी रडले. लई न्हाई, थोडीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांदे काढायला गेलो. हन्ना आन् मी एकाच टोळीत, एकाच सरीत. आमची दोस्ती जुनी. तिच्या नाताळातल्या करंज्या मी लाटते, माझ्या पोळ्या ती भाजती. त्या दिवशी हन्ना गप. आमच्या दोघींची तोंडं एकाच टायमाला बंद असली, की मुकादम घाबरतो, कोन मेलं का काय म्हनून.

"तोंड का पाडलंस?" मी इचारलं.

"तुझं का पडलंय?"

"माझं न्हाई पडलं. तुझं सांग."

हन्नानं विळा ठिवला. "बनू, मला ती राखाडी पायजे हुती गं. गुड फ्रायडेला चर्चला नेसायला. त्या दिवशी आमी भडक नेसत न्हाई. पाकीट फोडलं तवा मी आमच्या मालकांना, मोझेसला, म्हनलं बी, बघा, देवानंच धाडली. आन् ती रोहिणी! 'काकू, तुमाला हिरवी' म्हनून येवढ्या हौसेनं मांडीवर टाकली, की माझ्या तोंडातून शब्द फुटंना."

मी तिच्याकडं बघितलं. मला हसू आलं. आलं ते आलं, थांबंचना. वाफ्यातच बसले पोट धरून. "हसती काय भवाने!" हन्ना चिडली. तवा मी तिला माझं सांगितलं. हिरव्याचं. सगळं. आधी कधी कुनाला बोलले नव्हते, लेकीला सुद्धा न्हाई. हन्ना माझ्या तोंडाकडं बघतच राह्यली, आन् मंग ती बी हसायला लागली. दोघींना देवानं बरोबर दिलं हुतं, आन् दोघींनी रोहिणीच्या हातून चुकीचं करून घेतलं हुतं, ते बी चहा पीत पीत!

"मंग दे की इकडं माझी!" मी म्हनलं.

"घे की. आत्ता चल."

आन् दोघी उठता उठता परत बसलो. कारन दोघींना एकदम कळलं. सरकारनं दिली आन् नेसली, ही गोष्ट येगळी. मागून घेतली आन् नेसली, ही येगळी. उद्या मी हिरवी नेसून निघाले आन् ती मी हन्नाकडून मागून आनली असं कळलं, की गाव काय म्हननार? म्हातारपनी बनुबाईला रंग सुचले. भाऊजींच्या कानावर गेलं तर त्यांनी मान खाली घालायची. मला ते सोसलं नसतं.

हन्नाचे डोळे बारीक झाले. हे लक्षन मला ठावं हाय. "बनू, फळ्यावर काय लिवलंय?"

"बदलून मिळनार न्हाई."

"मंग झालं तर! मी भांडते. तू रड."

दुसऱ्या दिवशी दुकानात गहू वाटप चालू हुतं, चांगली गर्दी. हन्ना कमरेला पदर खोचून दारात उभी राह्यली. "ए रोहिणी! ह्ये फळ्यावर कुनी लिवलंय? तूच ना? बदलून मिळनार न्हाई म्हंजी न्हाई! मंग माझी साडी कुनाला इचारून बदललीस? माझ्या अंगठ्यावर जी आली ती मला पायजे!"

रोहिणीच्या हातातलं माप हातात राह्यलं. "काकू, पन आपन तर नेहमीच पालटतो..."

"धान्य पालटतो! साडीचा नियम हाय! सरकारी नियम मोडती व्हय गं?" ही हन्ना म्हनत हुती, जी दर महिन्याला माझे तांदूळ पोत्यानं घरी नेती.

आता माझी पाळी. मी पदर डोळ्याला लावला. "अगं हन्ने, असं करू नको गं बाई! ती हिरवी मी कशी नेसू? लोक काय म्हनतील? माझ्या नशिबानंच दावा मांडलाय गं!" जरा जास्तच झालं असावं, कारन हन्नानं मला मागून असा चिमटा काढला, की डोळ्यात खरंच पानी आलं. त्यानं काम फत्ते झालं. रोहिणी रडकुंडीला आली. "काकू, मंग मावशींनी काय करायचं?"

"ते सरकारला इचार," हन्ना म्हनली आन् हिरवी साडी काउंटरवर आपटली.

मी राखाडी तिच्यापुढं टाकली, हिरवी काखेत मारली, सगळं मातीत मिळाल्यासारखं तोंड केलं आन् निघाले. बाया हळहळत हुत्या. आळीचं वळन येईपतुर मी तोंड तसंच ठिवलं. वळन गेलं, आन् मी पळाले! ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी पळाले!

सकाळी अंघोळ करून साडी नेसले. आरसा माझ्याकडं हातायेवढा, एका टायमाला एक खांदा दिसायचा. पन मी सगळी तुकड्यातुकड्यानं बघून घेतली. किती छान दिसत हुते मी! आपनच आपल्याला म्हनायचं नसतं, पन कोन म्हननार दुसरं? शेळी सोडायला गेले, दळनाला गेले, काम नसताना किराना दुकानात गेले. वाटेत जी भेटंल ती थांबायची. "बनुबाई, हिरवी?"

"काय करता बाई! सरकारनं दिली. बदलून मिळत न्हाई. नियम हाय."

"बिचारी."

"नशीब बाई नशीब," मी म्हनायची आन् तिची पाठ वळली की काठ बघायची. ही गोष्ट मी भीमाला सांगितली, मुकादमाला सांगितली, अंगनवाडीच्या बाईला सांगितली, आन् कुनी इचारलं न्हाई तरी एसटीच्या कंडक्टरला सांगितली. सरकारवर सगळं ढकललं, की अंग कसं हलकं व्हतं! मला तर वाटलं, सरकारनं सगळंच असं जुलमानं द्यावं. इतकी सुखातली बिचारी त्या गावानं कधी बघितली नसंल.

पन कीव करनारी मानसं लई असली, की त्यातलं एखादं मदत करायला उठतंच.

सूर्यभान भाऊजी लेकाकडं पुण्याला गेल्ते. ते आले, आन् त्यांना कुनीतरी सांगितलं, की तुमच्या वहिनीला सक्तीनं हिरवी नेसायला लावलीय, बाई रडत हुती दुकानात. झालं. मानूस पाय धुवायच्या आधी रोहिणीकडं गेला. रोहिणीला आधीच झोप लागत नव्हती. दोघांनी मिळून पुरवठ्याच्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हनला, अहो, तुमी आपसात बदलल्या तर कोन नको म्हनतंय? आन् जे गाव सोडून गेलेत त्यांची पाकिटं पडून हायेत ना, त्यातून द्या बाईला.

हे मला काय ठावं? मी सांजच्याला शेळीचं दूध घेऊन डेअरीत गेले, हिरवी नेसून, तोऱ्यात. ओट्यावर सगळं गाव. मधी रोहिणी, आन् तिच्यापुढं फोडलेल्या साड्या मांडून ठिवलेल्या. राखाडी, चिकू, मातकट, एक फिकट निळी. बाजूला भाऊजी, फेटा बांधून, तोंडावर कसं समाधान.

"वहिनी, या," भाऊजी म्हनले. "तुमचा काय दोष न्हाई. मी साहेबांशी बोललोय. नियमबियम काय न्हाई, फळ्यावरचं ते रोहिणीनं भांडनं टाळायला लिवलेलं. आता तुमाला जुलूम न्हाई."

 माझा नियम गेला! चार दिवस ज्याच्या आडून मी गावभर मिरवले, त्यो नियम भाऊजींनी माझ्यावरच्या मायेपायी मोडून टाकला.

भाऊजी रोहिणीकडं वळले. "रोहिणी, तू तुझ्या मनानं देऊ नको आता. माझ्या वहिनीला इचार, कोनता रंग पायजे. त्यांच्या मनानं घेऊ दे."

रोहिणीनं आजवर कुनाला इचारलं नव्हतं. तिला ते अवघडच गेलं. पुढं आली, माझ्याकडं बघितलं आन् म्हनली, "मावशी, कोनता रंग पायजे तुमाला?"

सगळा ओटा माझ्याकडं वळला.  जिभंवर माझं नेहमीचं आलंच हुतं, सरकारनं दिली बाई. पन आता त्याच्यात काय राम नव्हता. मी त्या मांडलेल्या साड्यांकडं बघितलं. फिकट निळी उचलायची, गप घरी जायचं. सगळ्यांना बरं वाटलं असतं. भाऊजींना तर लईच.  हन्ना पलीकडून माझ्याकडं बघत हुती, पन चिमटा काढायला लांब हुती. हे मला एकटीलाच करायचं हुतं.

"हिरवा," मी म्हनलं.

"आं?" भाऊजी म्हनले.

"हिरवा. ही अंगावरची. मला हीच पायजे, भाऊजी. सरकारनं दिली म्हनून न्हाई. मला आवडती म्हनून." आन् एकदा तोंड उघडलं, तर ते माझंच तोंड, ते काय बंद व्हतंय! "लई आवडती. पहिल्यापासून आवडती. त्या राखाडीचा मला येवढा कटाळा आलाय, की चुलीत घालावी. दुकानात मी नाटक केलं. हन्नानं बी केलं. ती माझ्यासाठी भांडली. कुनाला हसायचं असंल त्यानं हसून घ्या!"

कोनी हसलं न्हाई. भाऊजींचं तोंड उतरलं. फेट्याचं टोक त्यांनी हातात घेतलं. "इतकी वर्सं मी दिवाळीला साडी आनतोय, वहिनी," ते म्हनले. "मला वाटायचं, तुमाला तीच पायजे. तुमी कधी बोलला न्हाई."

"कधी इचारलं का, भाऊजी?"

हे मी रागानं न्हाई म्हनलं. खरंच इचारलं. मानूस खरा. इचार करून म्हनला, "न्हाई. न्हाई इचारलं." आन् ओट्याच्या कडंला बसला. जरा येळानं माझ्याकडं बघून म्हनला, "काठ बी चांगला हाय." मला हसू आलं आन् रडू बी आलं, दोन्ही एकदमच. हन्ना तर उघड उघड रडत हुती, आन् ह्या खेपंला नाटक नव्हतं.

रोहिणी अजून तशीच उभी. त्या मांडलेल्या साड्यांकडं बघत हुती, मंग एकेका बाईकडं, जसं काय तिला ही मानसं आजच दिसत हुती. तेवढ्यात तिच्या पदराला मागून हिसका बसला. भागूआजी! मातकट साडीतली भागूआजी, काठी टेकत, बायांना कोपरानं सारत पार पुढं आली हुती. रोहिणीचा पदर तिनं मुठीत घट्ट धरला आन् बोळक्या तोंडानं, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं म्हनली, "रोहिणे, ए रोहिणे. हिकडं बघ. आता मला इचार."